जुनी स्टीलची स्कूबा टाकी: आधी खांदा वाचा, मग आत डोकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या सामानात एक जुनी स्टीलची डायव्हिंग टाकी सापडली. बूड गोल, अंगावर पिवळा रंग, व्हॉल्व्हला बाजूने एक दांडी. खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, ‘आयसीसी-३एए२२५०’ असा ठसा, त्याखाली क्रमांक, मग ‘६ ६२ +’, ‘३ ७१ +’ आणि शेवटी नुसतंच ‘८ ७९’. व्हॉल्व्ह किंचित उघडल्यावर फुस्स आवाज आला. आता ही टाकी वापरता येईल का, आणि आत हवा आहेच तर तलावात एखादी डुबकी मारून बघावी का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. त्या हवेतला एक श्वासही घेऊ नका. तलावात नाही, अंगणात उभं राहूनही नाही.

ओलसर स्टील गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. उघड्यावर पडलेल्या लोखंडाला हवेचा तोटा नसतो, त्यामुळे आपल्याला हे जाणवत नाही. बंद टाकीत मात्र जेवढा ऑक्सिजन गंजात गेला तेवढा हवेतून कायमचा कमी झाला. हिशेब करून बघा. तुमच्यासारख्या टाकीत साधारण १२ लिटर पाणी मावतं. त्यात ५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), म्हणजे ३४ बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) दाबाची हवा उरली असेल तर ती बाहेरच्या दाबाला ४०० लिटरच्या आसपास भरते, आणि तिच्यात सुमारे ८५ लिटर ऑक्सिजन असतो. एवढ्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर यायला फक्त सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम लोखंड गंजलं की पुरे. आत दोन-चार चमचे खारं पाणी असेल आणि टाकी काही वर्षं उबदार जागी पडली असेल तर तेवढा गंज सहज होतो. टाकी पूर्ण भरलेली असती तर तेवढ्याच घसरणीला चारपटीहून जास्त लोखंड लागलं असतं. म्हणून ‘थोडीशीच हवा उरलेली’ जुनी टाकी सगळ्यात फसवी.

ऑक्सिजन कमी झालेल्या हवेत जीव घुसमटत नाही, हे लक्षात ठेवा. घुसमट होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि इथे तो नेहमीसारखा बाहेर पडतच असतो. त्यामुळे माणसाला काहीही जाणवत नाही आणि तो बेशुद्ध होतो. पाण्याखाली हे आणखी कपटी होतं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे कमी ऑक्सिजनची हवाही तिथे पुरते. वर येताना दाब उतरतो आणि नेमकं तेव्हा शुद्ध हरपते.

तेव्हा ती हवा सोडून द्यायची. टाकी मोकळ्या जागी नेऊन पडणार नाही अशी टेकवा. व्हॉल्व्हचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडे येणार नाही असं वळवा, व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा आणि सावकाश रिकामी होऊ द्या. त्या बाजूच्या दांडीबद्दल पुढे सविस्तर सांगतो. तोवर एवढंच, की ती खाली ओढलेली असल्याशिवाय टाकी पूर्ण रिकामी होत नाही.

आता ओळख पटवू.

टाकीची सगळी माहिती खांद्यावर कोरलेली असते, पण तिथेच रंगाचे थर चढतात. ठसे वाचण्यासाठी ग्राइंडर, छिन्नी किंवा आगीची ज्योत वापरू नका. रंग काढायचं द्रव लावून मऊ ब्रशने घासा. तरी दिसलं नाही तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवायचो तसं करा. पुसट अक्षरंही कागदावर उमटतात आणि तो कागद तपासणाऱ्याला दाखवता येतो. ज्योतीचं तर नावच नको. या पोलादाची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेतून येते आणि आगीत सापडलेल्या टाकीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

‘आयसीसी’ म्हणजे अमेरिकेचं इंटरस्टेट कॉमर्स कमिशन. तिथे दाबाच्या सिलिंडरची वाहतूक आणि तपासणी आधी या संस्थेच्या नियमांखाली होती. १९६७ साली वाहतूक खात्याचं काम सुरू झालं, अधिकार तिकडे गेले आणि पुढच्या काही वर्षांत नव्या टाक्यांवर ‘डीओटी’, म्हणजे त्या खात्याची इंग्रजी आद्याक्षरं, उमटू लागलं. त्यामुळे नुसतं ‘आयसीसी’ दिसलं तरी टाकी साधारण १९७० च्या आधीची आहे असं धरायला हरकत नाही. हा ठसा जुना आहे म्हणून टाकी बाद होत नाही. पुनर्तपासणीत पास झाली तर आयसीसीची टाकी आजही अमेरिकेत कायदेशीरपणे भरता येते. भरणाऱ्या दुकानात एखादा तरुण ‘असा ठसा मी पाहिलाच नाही’ म्हणून परत पाठवेल, तेव्हा हे ठामपणे सांगा. कॅनडातल्या टाक्यांवर त्याच जागी ‘बीटीसी’, नंतर ‘सीटीसी’ आणि पुढे ‘टीसी’ असतं.

‘३एए’ हा धातूचा आणि बनावटीचा प्रकार. ३एए म्हणजे मिश्र पोलाद, बहुतेक क्रोम-मॉलिब्डेनमचं. नुसतं ‘३ए’ असेल तर साधं कार्बन पोलाद, जाड भिंतीचं आणि त्यामुळे जड. ‘३एएल’ दिसलं तर टाकी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि हे सगळं उत्तर तिला लागू नाही. शंका असेल तर लोहचुंबक लावून बघा.

‘२२५०’ हा कामाचा दाब, पीएसआयमध्ये. म्हणजे १५५ बार, आणि तोही टाकी २१ अंश सेल्सिअसला असताना. तुमच्याकडे आहे ती ‘स्टील ७२’ म्हणून ओळखली जाणारी टाकी. १९५० च्या दशकापासून अ‍ॅल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी सगळीकडे पसरेपर्यंत अमेरिकी डायव्हरच्या पाठीवर बहुतेक हीच असायची. नावात ७२ असलं तरी तिच्यात ७१.२ घनफूट हवा मावते, आणि तीही २४७५ पीएसआयला. २२५० ला भरली तर ६५ घनफुटांच्या आसपासच. नाव यू.एस. डायव्हर्स, व्हॉइट, डेकॉर, हेल्थवेज अशा विक्रेत्या कंपनीचं असलं तरी नळकांडं बहुधा मिलवॉकीच्या प्रेस्ड स्टील टँकने किंवा लॉस एंजेलिसच्या नॉरिसने ओढलेलं असतं. संग्रह करणाऱ्यांना यात रस असतो. वापराच्या दृष्टीने ठसा कुणाचा यापेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं.

एक वेगळी जात मात्र ओळखायला शिका. ‘३एए१८००’ असा ठसा असलेल्या, सुमारे ३८ घनफुटांच्या बारक्या टाक्या. यातल्या बऱ्याचशा मुळात आग विझवण्यासाठी कार्बन डायऑक्साइडच्या होत्या. लष्कराच्या जादा सामानातून बाहेर पडल्या आणि सुरुवातीच्या काळात हौशी लोकांनी दोन-दोन जोडून पाठीवर घेतल्या. त्यांचा कामाचा दाब १८०० पीएसआयच. आकाराने टाकी डायव्हिंगची वाटते म्हणून २२५० ला भरली, असं करू नका.

पुढे येतात तारखा. ‘६ ६२’ म्हणजे जून १९६२, टाकीची पहिली चाचणी, म्हणजे तिचा जन्मच. महिना आणि वर्ष यांच्या मधे एक बारीक चिन्ह असेल, ते त्या वेळच्या तपासनिसाचं. पुढच्या तारखांमध्ये त्याच जागी चाचणी करणाऱ्या कार्यशाळेची खूण असते. अलीकडच्या ठशांत चार अक्षर-अंकांचा क्रमांक चौकोनात बसवलेला असतो आणि तो वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने वाचायचा. तुमच्या टाकीत ६२ नंतर थेट ७१ आहे. नियम दर पाच वर्षांनी चाचणीचा. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं ती एकतर पडून होती किंवा मुदत संपल्यावर भरली जात होती. दोन्ही शक्यता तपासणाऱ्याला सांगण्यासारख्या आहेत.

तारखेपुढचं ‘+’ हे चिन्ह लोक सगळ्यात जास्त चुकीचं वाचतात. अधिक चिन्ह असेल तर टाकी कामाच्या दाबापेक्षा दहा टक्के जास्त, म्हणजे २२५० ऐवजी २४७५ पर्यंत भरता येते. पण ही मुभा त्या एका चाचणीपुरतीच, पाच वर्षांची. ६२ आणि ७१ ला मिळालेलं अधिक चिन्ह आज निरुपयोगी आहे. ७९ ला ते मिळालं नाही. भिंत पातळ झाली होती म्हणून, की कुणी मागितलंच नाही म्हणून, हे ठशावरून कळत नाही. बऱ्याच वेळा दुसरंच कारण असतं. कार्यशाळेला आधी सांगितलं नाही तर ते साधी चाचणी करून मोकळे होतात. नव्याने तपासायला देताना ‘प्लस रेटिंगसाठी तपासा’ असं चिठ्ठीवर लिहून द्या. आणि एखाद्या टाकीवर तारखेमागे पाच टोकांचा तारा दिसला तर ‘दहा वर्षांची मुदत’ समजू नका. ती सवलत काही औद्योगिक सिलिंडरांना आहे, पाण्याखाली श्वास घेण्याच्या टाक्यांना नाही.

आता व्हॉल्व्ह. बाजूला दांडी असलेल्याला ‘जे व्हॉल्व्ह’ म्हणतात, बिनदांडीच्या साध्याला ‘के व्हॉल्व्ह’. दाबमापक सर्रास नव्हते त्या काळात डायव्हरला हवा संपत आल्याचं याच दांडीने कळायचं. आत एक स्प्रिंग असते. टाकीतला दाब साधारण ३०० पीएसआयपर्यंत उतरला की ती वाट अडवते आणि श्वास जड होतो. मग हात मागे नेऊन दांडी खाली ओढायची. राखीव हवा सुरू होते आणि त्या हवेवर वर यायचं.

तीन गोष्टी यातून निघतात. रिकामी करताना दांडी खाली हवी, नाहीतर आत ३०० पीएसआय अडकून राहतात आणि तुम्हाला टाकी रिकामी वाटते. भरतानाही दांडी खालीच हवी आणि भरून झाल्यावर वर करायची. आणि पाण्यात एखादी दोरी, खडक किंवा सोबत्याचा हात लागून दांडी कधीच खाली गेलेली असू शकते. राखीव म्हणून जपलेली हवा मग न कळत संपलेली असते. म्हणून आज जे व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून कुणी डुबकी मारू नये. दाबमापक हवाच. मी तर सरळ के व्हॉल्व्ह बसवायला सांगतो आणि जुना जे व्हॉल्व्ह आठवण म्हणून कपाटात ठेवायला.

व्हॉल्व्ह टाकीच्या मानेत ज्या आट्यांनी बसतो, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. नेहमीच्या स्टील ७२ मध्ये पाऊण इंची सरळ आटे असतात आणि हवा रोखायचं काम ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, करते. त्याहून जुन्या टाक्यांत अर्धा इंची निमुळते आटे सापडतात. बाहेरूनच ओळखता येतात: मान बारीक, ओ-रिंगची जागा नाही, आणि व्हॉल्व्हचे दोन-चार आटे मानेच्या वर उघडे दिसतात. निमुळते आटे पाचरीसारखे आवळले जातात. दरवेळी काढून-घालून मानेवर ताण येतो, आणि किती आवळायचं हे जाणणारी माणसं आता कमी. तुमची मान अशी निघाली तर हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच जा. तो ‘नको’ म्हणाला तर ऐका.

याहून मोठा धोका व्हॉल्व्ह बदलताना असतो. युरोपात २५ मिलिमीटर व्यासाचे, २ मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे चालतात. तसा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत शिरतो, काही वेढे फिरतोही, आणि बसल्यासारखा वाटतो. पण पाऊण इंची आट्यांचा व्यास २६ मिलिमीटरहून थोडा अधिक असतो. म्हणजे तो व्हॉल्व्ह नुसत्या कडांवर लटकलेला असतो. दाब चढला की गोळीसारखा सुटतो. अशा चुकीने माणसं गेली आहेत. कुठूनतरी मिळालेला सुटा व्हॉल्व्ह ‘बसतोय तर’ म्हणून बसवू नका. त्यावर कोरलेलं माप वाचा, नसेल तर तो व्हॉल्व्ह वापरू नका.

त्या दाबात किती ताकद आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. १२ लिटरची टाकी १५५ बारला भरली आणि एकदम फुटली तर तिच्यातली हवा जेवढी ऊर्जा सोडेल, तेवढ्यात एक टनाची गाडी तीस मीटर उंच उचलली जाईल. हे सगळं चार मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या भिंतीमागे बसलेलं असतं.

म्हणून व्हॉल्व्ह घरी काढू नका. चाक फिरवलं आणि फुस्स झालं नाही म्हणजे टाकी रिकामी, असं मुळीच नाही. माझ्याकडे एकदा अशी टाकी आली होती. मालकाने सांगितलं, पंधरा वर्षांपासून रिकामी आहे. व्हॉल्व्ह उघडा, दांडी खाली, आवाज नाही. पाना लावला तर आटे पहिल्या पाव वेढ्यापासून जड लागले. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह पहिला हिसका बसला की हाताने फिरतो. हा फिरेना. थांबलो, पाना काढला, बाजूच्या बर्स्ट डिस्कचा (जादा दाबाला फुटणाऱ्या सुरक्षा-चकतीचा) नट अगदी केसभर सैल केला आणि हवा सुटू लागली. ती सुटायला बराच वेळ लागला. नंतर व्हॉल्व्ह काढला तेव्हा खालच्या नळीत गंजाचा घट्ट बूच बसलेला. जोर लावून फिरवत राहिलो असतो तर आज हे लिहायला नसतो.

तो बर्स्ट डिस्कही बघून घ्या. व्हॉल्व्हच्या पाठीमागे षटकोनी डोक्याचा एक नट दिसेल, त्याच्या आत तांब्याची पातळ चकती. दाब मर्यादेबाहेर गेला तर टाकीऐवजी ती फुटावी अशी योजना. जुन्या नटांत शिसं भरलेलं असतं आणि एकच भोक असतं. चकती फुटली तर हवा एका बाजूने झोत मारते आणि न बांधलेली टाकी उडते. आता मिळतात त्या नटांना दोन्ही बाजूंनी भोकं असतात, झोत विभागला जातो. नट आणि चकती दोन्ही नवीन घाला, टाकीच्या दाबाला जुळणारी. ३००० पीएसआयच्या टाकीची चकती २२५० च्या टाकीत घातली तर संरक्षण नावापुरतंच राहतं.

आत काय दिसतं? टाकी उघडल्यावर दोरीला बांधलेला बारीक दिवा आत सोडतो आणि आरशातून बघतो. तळाशी आणि भिंतीवर हलकी नारिंगी पूड, बोटाने पुसली जाईल अशी, असेल तर काळजी नाही. पाण्याच्या चाचणीनंतर वेळेत न वाळवलेल्या टाकीत ती नेहमीच येते. गडद तपकिरी, पापुद्रे सुटणारा गंज असेल तर आधी तो काढावा लागतो, कारण त्याच्याखाली काय आहे ते कळत नाही. त्यासाठी आत खरखरीत खडे आणि पाणी घालून टाकी काही तास फिरवतात. मग उरतात खड्डे. सुटे, उथळ खड्डे एक गोष्ट. एका ओळीत लागलेले खड्डे फार वाईट, कारण भिंत त्या ओळीवर फाटू शकते. अशी ओळ कशी तयार होते? टाकी आडवी ठेवलेली असते, आत थोडं पाणी असतं आणि पाण्याच्या काठाकाठाने वर्षानुवर्षं गंज खात जातो. टाकी उभी ठेवली असती तर तेच पाणी गोल बुडात साचलं असतं, जिथे धातू भिंतीपेक्षा जाड असतो. तुमची टाकी काकांनी आडवी ठेवली होती की उभी, हे आठवत असेल तर सांगा. तपासणारा दिवा कुठे रोखायचा ते त्यावरून ठरवतो.

घरी व्हॉल्व्ह न काढताही दोन गोष्टी करता येतात. रिकामी टाकी बुडाचं रबरी बूट काढून उलटी करा, कान लावा आणि सावकाश फिरवा. वाळू सरकल्यासारखा आवाज आला तर आत सुटा गंज आहे. मग टाकी उभी करून भिंतीवर लाकडी हातोडीने हलकेच ठोका. स्वच्छ स्टील घंटेसारखं घुमतं आणि नाद रेंगाळतो. बद्द आवाज आला तर आत गंजाचा थर किंवा अस्तर आहे. यावरून पास-नापास ठरत नाही, पण कार्यशाळेत जाताना काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

अस्तराची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या काळात गंज रोखायला काही टाक्यांच्या आत इपॉक्सीसारखा लेप देत. लेप अखंड असेपर्यंत ठीक. एकदा त्याला चीर गेली की ओल आत शिरते आणि लेपाखाली गंज दडून वाढतो. वरून बघणाऱ्याला गुळगुळीत भिंत दिसते. सुटलेले लेपाचे तुकडे व्हॉल्व्हच्या नळीत अडकतात. अस्तर असलेली टाकी बऱ्याच कार्यशाळा घेतच नाहीत, आणि मला त्यांचं पटतं. अस्तर पूर्ण काढून खालचा धातू दिसल्याशिवाय मीही सही करत नाही. बाहेरच्या जाड प्लास्टिकच्या आवरणाचंही तेच. ते सुटलेलं असेल तर काढून टाका. बुडाच्या बुटाखाली आणि पट्ट्याखाली खास बघा, खारं पाणी तिथेच धरून राहतं.

डोळ्याने तपासून झाल्यावर हायड्रो टेस्ट. टाकी पाण्याने भरून पाण्याच्याच बंद पिंपात लटकवतात आणि कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश दाब देतात. २२५० च्या टाकीला ३७५० पीएसआय. दाबाने टाकी किंचित फुगते आणि पिंपातलं तेवढं पाणी काचेच्या नळीत वर चढतं. ते वाचायचं. दाब सोडला की टाकी आक्रसते आणि पाणी खाली येतं. समजा पाणी ६० घनसेंटिमीटर चढलं, तर दाब सोडल्यावर ६ पेक्षा जास्त वर राहता कामा नये. कायमचा फुगवटा एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांहून जास्त म्हणजे धातूने दम सोडला, टाकी बाद. आणि अधिक चिन्हासाठी आणखी एक आकडा बघतात: टाकी लवचिकपणे किती फुगली. भिंत गंजून पातळ झाली असेल तर ती जास्त फुगते. त्या टाकीसाठी ठरलेल्या मर्यादेबाहेर फुगली तर अधिक चिन्ह मिळत नाही. जुन्या टाक्यांवर ही मर्यादा कोरलेली नसते, ती बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यावी लागते. हा तक्ता कार्यशाळेकडे आहे का, हे टाकी देण्याआधी फोनवर विचारा.

मला विचाराल तर वय हे कारण मी कधीच मानत नाही. साठ वर्षांच्या टाक्या आतून आरशासारख्या पाहिल्या आहेत. दहा वर्षांच्या, एकदाच समुद्राचं पाणी शिरलेल्या टाक्या फेकाव्या लागल्या आहेत. तुमची टाकी पास होण्याची शक्यता मला चांगली वाटते, पण ती शक्यताच. दिव्याने बघितल्याशिवाय ती खात्री होत नाही.

पास झाली तर पुढे कशी वापरायची? चाचणीनंतर आतून गरम कोरड्या हवेने लगेच वाळवून घ्या आणि व्हॉल्व्हच्या खाली नळी बसवली आहे ना ते पाहा. टाकी उलटी झाल्यावर गंजाची पूड थेट रेग्युलेटरमध्ये (टाकीतली हवा श्वासाजोगत्या दाबाला आणणाऱ्या यंत्रात) जाऊ नये म्हणून ती असते, आणि जुन्या व्हॉल्व्हची कित्येकदा हरवलेली असते. पहिल्या काही डुबक्यांनंतर रेग्युलेटरच्या तोंडाशी असलेली गाळणी बघा. तांबूस पूड म्हणजे टाकीतला गंज. काळी असेल तर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाळणीतला कोळसा. हिरवट असेल तर पितळ गंजतंय, म्हणजे ओल आत येतेच आहे.

ठशावर लिहिलंय तेवढंच भरा. गुहांत उतरणाऱ्या काही लोकांत २२५० आणि २४०० च्या टाक्या ३००० च्याही पुढे भरायची पद्धत आहे. ‘३७५० ला तपासलीय मग काय बिघडतं’ असं ते म्हणतात. चाचणीचा दाब पाच वर्षांतून एकदा, पाण्याने, पिंपात देतात. तोच ताण दर आठवड्याला हवेने, पाठीवर, खड्डे पडलेल्या भिंतीला देणं ही वेगळी गोष्ट आहे. जास्त हवा हवी असेल तर मोठी टाकी घ्या. या टाकीत शुद्ध ऑक्सिजन घालून मिश्रण बनवणंही नको. त्यासाठी वेगळी सफाई लागते, आणि गंज किंवा अस्तराचे अवशेष असलेल्या जागी ऑक्सिजन म्हणजे आग.

पाण्यात ही टाकी छान वागते. भरलेली थोडी बुडते, रिकामी होत आली की जवळपास तटस्थ राहते. अ‍ॅल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी मात्र शेवटी वर ओढू लागते. म्हणून तिच्यासाठी घेत होतात तेवढं शिसं इथे लागणार नाही. पहिल्या डुबकीत उथळ पाण्यात वजन जुळवून घ्या.

टाकी कधीही पूर्ण रिकामी होईपर्यंत वापरू नका. दाब संपला की व्हॉल्व्हमधून पाणी आत शिरायला वाट मिळते, आणि या उत्तराच्या सुरुवातीला सांगितलेली सगळी साखळी तिथून सुरू होते. साठवताना उभी ठेवा, आत थोडा दाब असू द्या, बूट काढून गोड्या पाण्याने धुवा. वर्षातून एकदा उघडून आत बघून घ्या. काही महिने पडून राहिली असेल तर जुनी हवा सोडून नवी भरून घ्या.

नापास झाली तर कार्यशाळा ठशावर काट मारते किंवा ‘बाद’ असा शिक्का ठोकते. तिला घरी आणायची असेल तर व्हॉल्व्ह काढून वेगळा ठेवा आणि मानेच्या आट्यांवर करवतीची खोल खाच पाडून घ्या, म्हणजे तिच्यात पुन्हा व्हॉल्व्ह बसणारच नाही. काकांची टाकी मग खुशाल दिवाणखान्यात उभी करा. आज तुम्हाला तिची गोष्ट माहीत आहे, पण तुमच्यानंतर ती ज्याच्या हाती पडेल त्याला माहीत नसेल.